आठ आण्यांची विकेट

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण मधूनच सोडू नका.

आमच्या गावात पोरांना क्रिकेट शिकवायची दोन-तीन ठिकाणं आहेत. संध्याकाळी पाचला नेट लागतं. फी भरलेली पोरं पॅड बांधून रांगेत उभी असतात. त्यांना बॉल टाकायला कोण? तर मागच्या वस्तीतली चार-पाच पोरं. फी नाही, किट नाही, पायात साधी चप्पल, बॉल टाकताना तीही काढून ठेवायची. परवा बातमीसाठी गेलो होतो, तिथे एक डावखुरा पोरगा दिसला. चौदा-पंधरा वर्षांचा असेल. सहा पावलं येतो आणि असा काही बॉल वळवतो की समोरच्या महागड्या बॅटला वारा लागतो फक्त. तासभर उभा राहून बघितलं. निघताना त्याला विचारलं, "बॅटिंग देतात का रे तुला?" तो हसला. म्हणाला, "नाय सर, आपण बॉलिंगवाले."

घरी आलो, पण ते "आपण बॉलिंगवाले" डोक्यातून जाईना. कारण सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात एक माणूस असाच नेटवर बॉल टाकत होता. तोही डावखुरा. त्यालाही कुणी बॅट दिली नव्हती. त्याचं नाव बाळू पालवणकर. भारतातला पहिला मोठा फिरकी गोलंदाज. आज त्याची गोष्ट सांगतो.

आधी थोडं फिरकीबद्दल, कारण त्याशिवाय बाळू काय करत होते ते कळणार नाही.

टीव्हीवर आपल्याला दिसतं की बॉल पडला आणि वळला. पण फिरकीची अर्धी गंमत बॉल पडायच्या आधी, हवेत असते. डावखुरा फिरकीवाला पहिलं बोट आणि मधलं बोट शिवणीवर आडवी ठेवतो आणि सोडताना पहिल्या बोटाने बॉलला झटका देतो. कुलूप उघडताना किल्लीला देतो ना, साधारण तसा. बॉल गरगर फिरत निघतो. फिरणारा बॉल हवेत सरळ जात नाही. तो आधी उजव्या हाताच्या बॅट्समनच्या आत, त्याच्या पायांकडे सरकतो. बॅट्समन त्या लायनीवर बॅट आणतो. मग टप्पा पडतो आणि बॉल उलट दिशेने, बाहेर स्लिपकडे निघून जातो. म्हणजे आधी घरात बोलवायचं आणि मग दार लावून घ्यायचं.

दुसरी गोष्ट उंचीची. बॉल डोळ्याच्या रेषेच्या वर गेला की बॅट्समनला अंदाज बांधायला जड जातं. वरून पुढच्या दिशेने फिरकी दिलेली असेल तर तो शेवटी अचानक खाली बसतो. बॅट्समन पुढे आलेला असतो आणि बॉल त्याच्या अंदाजापेक्षा फूटभर अलीकडेच पडलेला असतो. स्टंपिंगच्या किती तरी विकेट अशाच निघतात.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे न वळणारा बॉल. तीच ॲक्शन, तेवढीच पावलं, फक्त शिवण बोटांच्या सोबत उभी धरायची. बॉल हातासोबत सरळ आत येतो. पाच बॉल बाहेर गेलेले बघून बॅट्समन सहावाही बाहेरच जाणार म्हणून खेळतो आणि पायचीत होतो.

हे सगळं ताकदीवर जमत नाही. त्याला लागतो वेळ. हजारो बॉल. तेही कुणीतरी समोर उभा असताना टाकलेले, म्हणजे त्याचे पाय कुठे जातात, खांदा कधी उघडतो, हे दिसतं. आता बाळूंना एवढे बॉल टाकायला कुठे मिळाले, ते बघा.

पालवणकर कुटुंब मूळचं कोकणातलं, चर्मकार समाजातलं. बाळूंचा जन्म 1876 सालचा, धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे मुलांचं बालपण पुण्याच्या छावणीच्या आसपास गेलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅट-बॉलवर बाळू आणि धाकटे भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे दोघे धाकटेही त्यांच्या मागोमाग आले. चारही भाऊ नावाजलेले खेळाडू झाले.

बाळूंची पहिली नोकरी पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात. पिच झाडायचं, रोलर ओढायचा आणि अधूनमधून मेंबर लोकांना बॉल टाकायचा. पगार महिना 3 रुपये. 1892 च्या सुमाराला ते युरोपियनांच्या पूना क्लबात आले. तिथे 4 रुपये. नेट बांधा, पिच करा, टेनिस कोर्टाच्या रेषा आखा, अशी कामं. एक दिवस एका साहेबाने नेटमध्ये बॉल टाकायला सांगितलं आणि साहेबाच्या लक्षात आलं की हे प्रकरण वेगळं आहे.

तिथेच जे. जी. ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी होता. त्या काळात भारतात खेळणाऱ्या गोऱ्या फलंदाजांमध्ये पहिल्या रांगेतला. हा गृहस्थ इतरांच्या आधी तासभर मैदानावर यायचा आणि बाळूंना बोलवायचा. असं सांगतात की प्रत्येक वेळी आउट केल्यावर तो बाळूंना आठ आणे द्यायचा. 4 रुपये महिन्यात आठ आणे म्हणजे किती, हिशोब करा. जवळजवळ चार दिवसांची कमाई एका विकेटमध्ये.

यातून काय झालं? ग्रेगची बॅटिंग सुधारली. आणि बाळूंची बॉलिंग त्याहून जास्त सुधारली. देशातला एक उत्तम फलंदाज रोज समोर उभा आणि आठ आण्यांची गरज खरी. टप्पा, दिशा, उंची, वेगातले बारीक बदल, बॉल दोन्हीकडे नेण्याची हातोटी, हे सगळं त्या नेटमध्ये घडलं.

पण एक गोष्ट घडली नाही. पूना क्लबात एवढे तास बॉल टाकले, पण एकदाही कुणी बाळूंच्या हातात बॅट दिली नाही. बॅट साहेबाची. बॉल नोकराचा.

आता इथे जरा थांबून इंग्लंडकडे बघू, म्हणजे हे फक्त आपल्याकडचं होतं असं वाटायला नको.

इंग्लंडमध्ये तेव्हा क्रिकेटर दोन जातींचे होते. जात हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. एक 'जंटलमन', म्हणजे घरचं खाऊन हौसेने खेळणारे. दुसरे 'प्लेयर्स', म्हणजे पगारी. दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, कित्येक मैदानांवर आत येण्याचे दरवाजेही वेगळे. जंटलमन बहुतेक करून फलंदाज आणि कप्तान. घाम गाळून दिवसभर बॉल टाकायचं काम पगारी लोकांचं. यॉर्कशायरचा विल्फ्रेड ऱ्होड्स, जगातला मोठा डावखुरा फिरकीवाला, पहिल्या दर्जाच्या सामन्यांत चार हजारांहून जास्त विकेट घेणारा, तो पगारीच. आणि गुगलीचा शोध लावणारा बोझांके हा ईटन आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेला. टेबलावर टेनिसचा बॉल टप्पा पाडून समोरच्याला चकवायचा एक खेळ खेळता खेळता त्याला गुगली सापडली. साधारण त्याच काळात इकडे पुण्यात बाळू रोलर ओढून झाल्यावर आपली कला घडवत होते. एकाला सवडीतून सापडली, दुसऱ्याला मजुरीतून.

इंग्लंडची ही विभागणी कागदावरून गेली 1962 च्या अखेरीस. पगारी खेळाडूला इंग्लंडचा नियमित कप्तान करायला 1952 साल उजाडलं. लेन हटन. आणि योगायोग बघा, त्याची कप्तानीतली पहिली मालिका आपल्याशीच होती. त्याच मालिकेत लॉर्ड्सवर आपला विनू मंकड, तोही डावखुरा फिरकीवाला, दोन डावांत मिळून 97 षटकं टाकून वर 72 आणि 184 धावा काढून गेला. पण ते पुढचं.

सांगायचा मुद्दा एवढाच की बॉलिंग ही मजुरी आणि बॅटिंग हा मान, ही वाटणी तिकडेही होती. आपल्याकडे तिच्यावर आणखी एक थर चढला, शिवाशिवीचा.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं. बाळू तर समोर दिसत होते. मग वाद सुरू झाला. घ्यायचं की नाही? काही सभासद घ्या म्हणाले, काहींच्या पोटात गोळा आला. शेवटी स्वतः ग्रेगनेच वर्तमानपत्रातून सांगितलं की बाळूला न घेणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. साहेबाने सांगितल्यावर आपल्याला पटतं, ही सवय जुनी आहे.

बाळू संघात आले. मैदानात सगळे त्याच बॉलला हात लावत होते. बॉल बाटत नव्हता. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत आणि बाळू बाहेर. त्यांचा चहा मातीच्या भांड्यात, पिऊन टाकून द्यायचं. जेवणाचं पान वेगळं. तोंड धुवायचं असेल तर पाणी आणून देणारा नोकरही त्यांच्यासारखाच 'अस्पृश्य'. सकाळी सात विकेट काढून दिलेल्या माणसाने दुपारी बाहेर बसायचं.

साताऱ्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. तिथल्या युरोपियन जिमखान्याविरुद्ध सामना ठरला. बाळूंची धास्ती एवढी की यजमानांनी आठवडाभर पिचवर रोलर फिरवायला लावला, म्हणजे बॉल वळूच नये. बाळूंनी त्याही पिचवर सात गडी बाद केले. वर मी हवेतल्या फिरकीबद्दल सांगितलं ते यासाठी. रोलर जमिनीवर फिरवता येतो, हवेत नाही.

त्यानंतर न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीरपणे बाळूंचं कौतुक केलं आणि संघातल्या इतरांना सुनावलं की याच्याबरोबर खेळता, तर बसून खायला-प्यायला काय हरकत आहे? साधा प्रश्न. उत्तर द्यायला पुण्याला बराच वेळ लागला.

1896 मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली. बाळू मुंबईला गेले. तिथल्या हिंदू जिमखान्यातही आधी कुरबूर झालीच, पण कप्तान कीर्तिकरांनी आग्रह धरला आणि त्यांना घेतलं. पुढे ते रेल्वेतही लागले.

1906 च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन सामना झाला. हिंदूंनी 242 आणि 160 धावा केल्या. युरोपियनांच्या 191 आणि 102. हिंदू 109 धावांनी जिंकले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवलं म्हणून गावोगावी आनंद झाला. त्या विजयात बाळूंच्या बॉलिंगचा वाटा मोठा होता. आणि तोवर मुंबईच्या जिमखान्यात ते बाकीच्यांबरोबर एका टेबलावर बसून जेवत होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने त्या गोष्टीची मुद्दाम दखल घेतली. म्हणजे पुण्याच्या मातीच्या भांड्यापासून मुंबईच्या टेबलापर्यंत यायला साधारण दहा वर्षं लागली. आणि ते अंतर विकेटी घेऊन कापावं लागलं.

मग आला 1911 चा इंग्लंड दौरा. सगळ्या धर्मांचे खेळाडू एकत्र घेऊन निघालेला भारताचा पहिला संघ. कप्तान कोण? पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग. वय वर्षं एकोणीस. पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाचं वर्ष, लंडनमध्ये मेजवान्यांची रेलचेल. महाराज थोडेच सामने खेळले. संघ बहुतेक सामने हरला. पण पस्तिशीतल्या बाळूंनी, दुखऱ्या खांद्याने, त्या परक्या थंडीत आणि ओल्या पिचवर 114 विकेट घेतल्या, सरासरी 18.84. त्यातल्या 75 पहिल्या दर्जाच्या सामन्यांतल्या. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 8. भाऊ शिवरामही त्या दौऱ्यावर होते आणि त्यांनीही चांगल्या धावा केल्या.

एकूण कारकिर्दीत बाळूंना पहिल्या दर्जाचे सामने मिळाले फक्त 33. त्यांत 179 विकेट, सरासरी 15.21. हे आकडे पुन्हा एकदा वाचा. भारताचा पहिला कसोटी सामना 1932 चा. तोवर बाळूंचं वय छप्पन्न. त्यामुळे कसोटीच्या यादीत हे नाव सापडणार नाही.

परत आल्यावर मुंबईत सत्कार झाले. एल्फिन्स्टनमध्ये शिकणाऱ्या तरुण भीमराव आंबेडकरांना बाळूंचा फार अभिमान होता. आपल्यातला एक माणूस केवळ गुणांच्या जोरावर एवढा पुढे जाऊ शकतो, याचं जिवंत उदाहरण त्या पिढीसमोर बाळू होते.

पण एक दार अजून बंद होतं. कप्तानीचं.

1912 पासून मुंबईत चौरंगी सामने सुरू झाले. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन. हिंदू संघात बाळूंपेक्षा अनुभवी कोणी नव्हतं. दरवर्षी कप्तान दुसराच. 1913 मध्ये कप्तान होते एम. डी. पै. त्यांचा सत्कार झाला तेव्हा पैंनी भर सभेत सांगितलं की हा मान बाळूंचा होता, ते माझ्यापेक्षा ज्येष्ठ आणि अनुभवी आहेत. पै स्वतः सारस्वत ब्राह्मण. आपल्याला मिळालेली खुर्ची दुसऱ्याची होती, असं माइकवर सांगणारी माणसं सव्वाशे वर्षांत मला फार भेटली नाहीत, आणि मी पंधरा-वीस वर्षं सत्कारांच्याच बातम्या लिहितोय.

तरी कप्तानी मिळाली नाहीच.

1920 साली प्रकरण तापलं. पै आजारी. निवडकर्त्यांनी बाळूंना वगळलं आणि कप्तानी दि. ब. देवधरांकडे दिली. देवधर मोठे फलंदाज, पुढे त्यांनी इतिहास घडवला, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण विठ्ठल आणि शिवराम हे दोघे तेव्हा त्या संघातले महत्त्वाचे फलंदाज होते. त्यांनी जाहीर पत्रक काढून माघार घेतली. जातीमुळे हे होतंय, असं स्पष्ट सांगितलं. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. गांधींची असहकाराची चळवळ तेव्हा ऐन भरात होती, अस्पृश्यतेवर चर्चा सुरू होती. निवडकर्त्यांना माघार घ्यावी लागली. पै परत आले, बाळूंना उपकप्तान केलं, भाऊही परतले. आणि अंतिम सामन्यात पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर जाऊन बसले. त्या वेळात संघ बाळूंनी चालवला.

म्हणजे चव्वेचाळीस वर्षांच्या बाळू पालवणकरांना हिंदू संघाची कप्तानी मिळाली ती एवढीच. एका भल्या माणसाने मैदान सोडल्यामुळे, काही तासांपुरती.

1923 मध्ये विठ्ठल कप्तान झाले. त्या वर्षी हिंदू जिंकले आणि सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन मैदान फिरवलं. बाळूंनी पेरलं आणि विठ्ठलनी कापलं. विठ्ठल पालवणकरांनी 1948 मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिलं. मराठीत. आज ते किती घरांत आहे? या भावांची गोष्ट जगाला सांगितली रामचंद्र गुहांनी, इंग्रजीत, 2002 मध्ये. आपल्या भाषेतलं पुस्तक आपण विसरलो आणि इंग्रजीतून आपल्याच माणसाची ओळख करून घेतली. यात आम्ही पत्रकारही आलो.

पुढचा भाग अवघड आहे, पण टाळणं बरोबर नाही.

बाळू राजकारणात आले ते गांधींच्या बाजूने. स्वतंत्र मतदारसंघ नकोत, असं त्यांचं मत. 1932 च्या पुणे करारावर आंबेडकरांची सही आहे आणि पी. बाळू यांचीही आहे. 1937 च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने आंबेडकरांच्या विरोधात बाळूंना उभं केलं. चुरस झाली. आंबेडकर साधारण दोन हजार मतांनी जिंकले.

यावरून आजही लोक तावातावाने भांडतात. मला वाटतं ते सांगतो, चुकीचंही असेल. बाळूंनी मैदानावर समाज बदलताना बघितला होता. मातीच्या भांड्यापासून एका टेबलापर्यंतचा प्रवास त्यांनी स्वतः केला होता. त्यामुळे आतून बदल होतो यावर त्यांचा विश्वास बसला असणार. आंबेडकरांनी तोच प्रवास बघितला आणि वेगळा हिशोब मांडला. एका टेबलावर बसायला 114 विकेट घ्याव्या लागत असतील, तर ज्यांना बॉल वळवता येत नाही त्या लाखोंनी काय करायचं? दोघांच्या अनुभवात खोटं काही नव्हतं. पण आंबेडकरांचा प्रश्न मोठा होता, आणि तो अजून संपलेला नाही.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळू गेले.

त्यांच्यानंतर डावखुऱ्या फिरकीची मोठी रांग आपल्याकडे झाली. मंकड झाले. नाशिकचे बापू नाडकर्णी झाले. सरावाला पिचवर नाणं ठेवून त्यावर टप्पा पाडायचे, असं सांगतात. 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा. लागोपाठ 131 बॉलवर एकही धाव नाही. पद्माकर शिवलकर झाले. 1973 च्या रणजी अंतिम सामन्यात तामिळनाडूविरुद्ध त्यांनी 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5 असे गडी बाद केले. पहिल्या दर्जाच्या सामन्यांत एकूण 589 विकेट आणि कसोटी एकही नाही, कारण तेव्हा बेदी होते. शिवलकरांचं दुर्दैव वेगळं आणि बाळूंचं वेगळं. शिवलकरांच्या वाटेत मोठा बॉलर उभा होता, बाळूंच्या वाटेत जात उभी होती. दोन्ही एका पारड्यात घालू नका. "टॅलेंटवर अन्याय होतच असतो" असं म्हणून बाळूंची गोष्ट मिटवता येणार नाही.

आता पुन्हा आमच्या मैदानावर.

त्या पोराची जात मला माहीत नाही, विचारलीही नाही. त्याला कुणी मातीच्या भांड्यात चहा देत नाही. नेट संपल्यावर एक वडापाव मिळतो, तो सगळ्यांबरोबरच खातो. शिकवणारी मंडळी वाईट नाहीत, ओळखीची आहेत. काळ बदललाय, आणि तो बाळू-विठ्ठल, रानडे, आंबेडकर अशा माणसांनी बदललाय. पण वाटणी तशीच आहे. ज्याच्याकडे पैसे त्याची बॅट, ज्याच्याकडे नाहीत त्याचा बॉल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोराला ते पटलंय. "आपण बॉलिंगवाले."

तो चौदा वर्षांखालच्या निवड चाचणीला गेला होता का, असं मी तिथल्या एका सरांना विचारलं. सर म्हणाले, फॉर्म भरायचा असतो, फी असते, पांढरे कपडे लागतात, घरचं कुणीतरी सोबत लागतं. यातलं त्याच्याकडे काहीच नाही. म्हणजे पिचवर आठवडाभर रोलर फिरवायची आता गरज नाही. फॉर्म पुरतो.

मी काही मोठं मागत नाही. मैदान चालवणाऱ्यांना, नगरपालिकेतल्या मंडळींना आणि पालकांना तीन गोष्टी सांगतो.

एक, नेटवर बॉल टाकणाऱ्या प्रत्येक पोराला रोज शेवटची दहा मिनिटं पॅड बांधून द्या. आलटून पालटून.

दोन, त्यांची नावं हजेरीच्या वहीत लिहा. आज त्यांची नोंदच नाही. ज्याची नोंद नाही तो निवडीलाही नाही आणि बातमीतही नाही.

तीन, चाचणीचा फॉर्म आणि पांढऱ्या कपड्यांचा खर्च गावाने उचलावा. एका पोराचा मी उचलतो. बाकीच्यांचं कमेंटमध्ये बोला.

ग्रेग साहेबाने बाळूंना आठ आणे दिले, पण बॅट दिली नाही. एवढा मोठा खेळाडू त्याने रोज डोळ्यांनी बघितला, वर्तमानपत्रातून वकिलीही केली, तरी बॅट पुढे करायचं त्याला सुचलं नाही. आपल्याला सुचलं तर बघा.

उद्या संध्याकाळी पाचला मी मैदानावर आहे. माझी जुनी बॅट आणि पॅड घेऊन जातोय.